ओस पडलेली वेस

२०२५च्या नोव्हेंबरमध्ये जपानच्या उत्तरेकडील अकिता प्रांतात लष्कर उतरले. भूकंप झाला नव्हता, त्सुनामी आली नव्हती. एकेकाळी याच दलात नोकरी केलेले राज्यपाल केंता सुझुकी यांनी सरकारकडे मदत मागितली होती ती अस्वलांमुळे. काझुनो या डोंगराळ शहरात आलेल्या जवानांना गोळ्या झाडायच्या नव्हत्या. लोखंडी पिंजरे डोंगराच्या पायथ्याशी पोचवायचे, गरजेप्रमाणे हलवायचे आणि स्थानिक शिकाऱ्यांना हातभार लावायचा, एवढेच काम त्यांच्याकडे होते. आजवर हे काम ज्यांनी केले, त्या शिकाऱ्यांपैकी बहुतेकांनी साठी-सत्तरी ओलांडली आहे. इतक्या ठिकाणी इतके जड पिंजरे नेणे त्यांच्या आवाक्यात राहिलेले नाही.

त्या वर्षी जपानमध्ये अस्वलांच्या हल्ल्यांत १३ माणसे मेली. नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा हा सर्वांत मोठा आकडा आहे. हल्ल्यांत सापडलेल्यांची एकूण संख्या दोनशेच्या पुढे गेली. पण आकड्यांहून ठिकाणे जास्त अस्वस्थ करतात. इवाते प्रांतातील किताकामी शहरात ८१ वर्षांच्या एका आजी राहत्या घरात मारल्या गेल्या. होक्काइदो बेटावरील फुकुशिमा या छोट्या गावात पहाटे वर्तमानपत्रे टाकायला निघालेल्या माणसाचा घरांच्या रांगेतच जीव गेला. किताकामीच्या बातमीनंतर तीन महिन्यांनी त्याच शहराच्या डोंगराळ भागात गरम पाण्याच्या झऱ्याचे उघडे कुंड साफ करणारा कामगार मरण पावला. त्याच्या आदल्या हिवाळ्यात अकिता शहरातील एका सुपरमार्केटात अस्वल शिरले, एका कर्मचाऱ्याला जखमी केले आणि दोन दिवस आतच ठाण मांडून बसले. जंगलात जाताना जपून जा, हा सल्ला या माणसांच्या काहीच उपयोगाचा नव्हता. ती जंगलात गेलीच नव्हती.

हे का घडले, याचे एक उत्तर लगेच मिळते. उत्तर जपानच्या डोंगरांत बीच आणि ओकची झाडे आहेत. शीतनिद्रेपूर्वी अंगावर चरबी चढवायला अस्वलांना त्यांच्या बिया लागतात. बीचला दरवर्षी सारखी बी धरत नाही. काही वर्षांनी एकदा झाड लगडते, मध्येच एखादे वर्ष डोंगरचे डोंगर रिकामे जातात. २०२३ हे असे रिते वर्ष होते, २०२५ही होते. २०२३-२४ या आर्थिक वर्षात २१९ जणांवर हल्ले झाले आणि सहा जण दगावले. त्या वर्षी नऊ हजारांहून अधिक अस्वले पकडली गेली, त्यांतली बहुतेक मारली गेली. तरीही दोनच वर्षांनी मृत्यूंचा आकडा दुपटीहून वर गेला.

बीचची झाडे काही आज रिती जाऊ लागलेली नाहीत. शेकडो वर्षे ती अशीच अधूनमधून रिती जात आली आहेत. मग भुकेले अस्वल पूर्वी शहराच्या चौकापर्यंत का येत नव्हते? याचे उत्तर झाडांपाशी नाही. ते मधल्या जमिनीपाशी आहे आणि त्या जमिनीवर राबणाऱ्या माणसांपाशी आहे.

आपल्याकडे जुन्या गावाच्या रचनेत वस्तीची पांढरी, कसण्याची काळी, त्यापलीकडे गायरान आणि त्याच्याही पलीकडे रान अशी उतरंड असे. जपानच्या डोंगराळ खेड्यांचीही मांडणी याच धर्तीची होती. खाली घरे आणि भातखाचरे, वर खोल डोंगर, आणि दोहोंच्या मध्ये सातोयामा, म्हणजे गावाने वापरून वापरून राखलेले रान. याच रानातून सरपण यायचे, कोळसा पाडला जायचा, खतासाठी पालापाचोळा आणि छपरांसाठी गवत यायचे. वीसेक वर्षांनी झाडे बुंध्यापाशी तोडायची आणि नवी फूट वाढू द्यायची, असा क्रम ठरलेला असे. त्यामुळे ते रान विरळ राही, उजेड जमिनीपर्यंत पोचे, आणि दिवसभर तिथे कोणी ना कोणी असे. कुऱ्हाडीचा आवाज, धूर, कुत्री, पोरेबाळे. अस्वलाला हा पट्टा ओलांडायचा तर उघड्यावरून, माणसांच्या नजरेखालून यावे लागे. रानडुकरे आणि हरणे अडवायला एदो काळात गावांनी दगडी बांध घातले. ‘शिशिगाकी’ या नावाने ओळखले जाणारे हे बांध काही ठिकाणी आजही झाडीत उभे दिसतात. गावकीच्या अंगमेहनतीतून ते उभे राहिले आणि ढासळलेला दगड पुन्हा बसवणे हेही गावकीचेच काम होते.

त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच हेतू नाही. ते कष्टाचे आणि उपासमारीचे जगणे होते. रानावरचा भार इतका होता की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानमधील अनेक गावांभोवतीचे डोंगर बोडके झाले होते. वन्यप्राणी मागे हटले होते त्यामागे माणसाचा दयाळूपणा नव्हता, त्याची गरज आणि गर्दी होती. पण परिणाम असा की माणूस आणि अस्वल यांच्यामध्ये एक सीमा होती आणि ती रोजच्या कामातून आपोआप राखली जात होती. त्यासाठी वेगळा पगार कोणाला द्यावा लागत नव्हता. म्हणूनच ही राखण चालू आहे हे कोणाच्या लक्षातही येत नव्हते.

अकिताच्या आनी भागातील मातागी शिकारी या व्यवस्थेचा डोंगरमाथ्याकडचा भाग सांभाळत. हिवाळ्याच्या शेवटी टोळीने डोंगरात शिरायचे, डोंगरदेवीचे नियम पाळायचे, मारलेल्या अस्वलासाठी विधी करायचा आणि मांस सगळ्यांत सारखे वाटायचे, अशी त्यांची रीत होती. अस्वल त्यांच्या लेखी देवीने दिलेले दान होते. मातागींची संख्या कधीच फार नव्हती. तरी त्यांच्या फिरतीमुळे अस्वलांना माणसाचा वास ओळखता येत होता आणि त्यापासून दूर राहण्याचे कारणही कळत होते.

होक्काइदोची कहाणी वेगळी आहे आणि अधिक रक्तरंजित आहे. तिथले अस्वल तपकिरी, आकाराने कितीतरी मोठे. त्या बेटावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आइनू लोकांसाठी ते डोंगराचा देव होते. ते अस्वलाची शिकार करत, त्याच्या मांसावर जगत, आणि समारंभाने त्याच्या आत्म्याला देवलोकी परत पाठवत. १८६९ मध्ये मेइजी सरकारने बेटाला होक्काइदो हे नाव देऊन वसाहतीचे खाते उघडले. आइनूंच्या जमिनी गेल्या, शिकारीचे हक्क गेले. मुख्य भूमीवरून आलेले गरीब शेतकरी अस्वलांच्या प्रदेशात गवताच्या झोपड्या बांधून राहू लागले. घोडे-मेंढ्या पाळायच्या म्हणून अमेरिकेतून आणलेले सल्लागार एडविन डन यांनी लांडग्यांवर स्ट्रिक्नीन विषाचा मारा करवला, सरकारने लांडग्यांवर आणि अस्वलांवर बक्षिसे लावली. एकोणिसावे शतक सरता सरता होक्काइदोचा लांडगा नामशेष झाला. अस्वल मात्र टिकले.

१८७८च्या जानेवारीत साप्पोरो हे काही हजार वस्तीचे नवे गाव होते. शीतनिद्रेतून उठवलेल्या एका अस्वलाने तिथे शिकाऱ्याला मारले आणि मग ओकादामा भागातील एका वसाहतकऱ्याच्या झोपडीत शिरून आणखी बळी घेतले. डिसेंबर १९१५ मध्ये सांकेबेत्सु इथे त्याहून भयंकर घडले. काही दिवसांच्या अंतरात एकाच अस्वलाने सात जणांचे प्राण घेतले, त्यांत लहान मुले होती, एक गरोदर बाई होती. ३४० किलो वजनाच्या त्या नराला हेइकिची यामामोतो या शिकाऱ्याने गोळी घातली. पण वसाहत पुन्हा उभी राहिली नाही, माणसे एकेक करून निघून गेली. गावाच्या प्रमुखाचा सात वर्षांचा मुलगा हारुयोशी ओकावा याने प्रत्येक मृतामागे दहा अस्वले मारण्याची शपथ घेतली. पुढे त्याने शंभरांहून अधिक अस्वले मारली आणि उतारवयात मृतांच्या स्मरणार्थ दगड उभारला.

त्या मुलाच्या शपथेला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे असे मला वाटत नाही. पण सरकारचेही धोरण याच भावनेवर चालले, हे मात्र तपासायला हवे. १९६६ पासून होक्काइदोत वसंतात मोहीम निघू लागली. बर्फावर ठसे स्पष्ट दिसतात, अस्वले गुहेतून नुकती बाहेर पडत असतात, तेव्हा पिलांच्या माद्यांसकट त्यांना टिपायचे. अस्वल बेटावरून संपेल अशी भीती निर्माण झाली तेव्हा, १९९० मध्ये, ही मोहीम थांबवली गेली. तो निर्णय बरोबरच होता. आज होक्काइदोत तपकिरी अस्वलांचा अंदाज १२,०००च्या आसपास आहे, म्हणजे तेव्हाच्या दुपटीहून अधिक. चूक झाली ती नंतर. संहार थांबवला आणि त्याच्या जागी काहीच ठेवले नाही. वसंतातल्या त्या फेऱ्यांत तरुण शिकारी जुन्यांकडून डोंगर शिकत, अस्वलेही माणसाला टाळायला शिकत. दोन्ही शाळा एकाच वेळी बंद झाल्या. २०२३ पासून वसंतातील नियंत्रित शिकार होक्काइदोने पुन्हा सुरू केली, पण तोवर जुने जाणते गेले होते.

१८ जून २०२१च्या सकाळी साप्पोरोच्या पूर्व भागात एक तपकिरी अस्वल फिरू लागले. आता हे सुमारे १९ लाख वस्तीचे महानगर आहे. चौघे जखमी झाले, त्यांत लष्करी तळाच्या फाटकावरचा एक जवान होता. अस्वल विमानतळाच्या आवारात घुसले आणि उड्डाणे रद्द झाली, शेवटी त्याला गोळी घातली गेली. तो तळ आणि ते विमानतळ, दोन्ही ओकादामात आहेत. एकशे त्रेचाळीस वर्षांपूर्वी तिथे माणूस अस्वलाच्या मुलखात शिरला होता. या वेळी दोघांमधला पट्टा पुसला गेला होता.

तो पुसला गेला कसा, हे मुख्य बेट होन्शूवर स्पष्ट दिसते. १९६०च्या दशकात गॅस, रॉकेल आणि वीज घरोघर पोचली. सरपण आणि कोळशाची गरज दहा-पंधरा वर्षांत संपली. रासायनिक खत आले आणि पालापाचोळा गोळा करणे थांबले. खोल डोंगरांत सरकारी प्रोत्साहनाने सुगी आणि हिनोकी या इमारती लाकडाच्या झाडांची लागवड झाली. आज जपानचे सुमारे ४० टक्के जंगल असे लावलेले आहे आणि त्यात अस्वलाला खायला फारसे काही नाही. गावाजवळचे रान मात्र दाटत गेले. ओकची झाडे कोणी तोडेना, ती मोठी झाली, बिया देऊ लागली. तरुण टोकियोला, सेंदाईला गेले. अकिता प्रांताची लोकसंख्या १९५६ मध्ये साडेतेरा लाखांच्या आसपास होती. २०१७ मध्ये ती दहा लाखांखाली गेली आणि घसरण थांबलेली नाही. आज तिथे दर पाचांतले जवळपास दोघे पासष्टीच्या पुढचे आहेत. देशभरात शिकारीचे परवाने १९७०च्या दशकात पाच लाखांवर होते, ते निम्म्याहून खाली आले, आणि उरलेल्यांत म्हाताऱ्यांचा भरणा आहे.

आणि या ओस घरांच्या परसात काकीची झाडे आहेत. हिमाचलात ‘जपानी फळ’ म्हणून विकले जाते तेच हे केशरी, गोड फळ. पूर्वी शरदात घरोघर ती उतरवली जायची, सोलून दोरीला टांगून वाळवली जायची. आता उतरवायला कोणी नाही. ऐन शीतनिद्रेच्या आधी, डोंगर रिता असताना, झाडे फळांनी वाकलेली उभी असतात. शेजारी पडीक खाचर, त्यात पुरुषभर गवत, त्याला लागून नदीकाठची झाडी थेट शहरापर्यंत. अस्वल या आडोशाने चालत येते. एकदा काकी चाखलेली मादी दुसऱ्या वर्षी पिलांना घेऊन येते. ती पिले मोठी होतात तेव्हा त्यांच्यासाठी हे माणसाचे गाव नसते, लहानपणापासून ठाऊक असलेली चरण्याची जागा असते. २००३ ते २०१८ या काळात काळ्या अस्वलाच्या वावराचे क्षेत्र जपानमध्ये सुमारे १.४ पट झाले, ते असे वाढले. ‘अस्वलांचे आक्रमण’ हा मथळा म्हणूनच मला मान्य नाही. माणूस एकेक पाऊल मागे सरला आणि अस्वल एकेक पाऊल पुढे आले.

हा मुद्दा मांडताना मेलेल्या माणसांचा विसर पडता कामा नये. शहरातल्या सुरक्षित खोलीतून तो सहज पडतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये अकिताच्या मिसातो गावात तीन अस्वले एका तातामी चटयांच्या कारखान्यात शिरून बसली. त्यांना पकडून मारल्यावर गावच्या कचेरीत निषेधाचे फोन येत राहिले, बरेचसे दूरच्या ठिकाणांहून. पिले का मारली, त्यांना डोंगरात का सोडले नाही, असे लोक विचारत होते. त्यांची कणव खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण ती कणव निभावण्याचा सगळा भार, फोन न करणाऱ्या सत्तरीतल्या माणसांवर होता. वस्तीत घुसलेल्या, माणसाला न बुजणाऱ्या अस्वलाला मारावे लागते, आणि ते काम करणाऱ्याला कायद्याचा आधार लागतो. २०२५ पर्यंत तोही नीट नव्हता. वस्तीत बंदूक चालवायला कायद्याने मनाई होती. त्या वर्षी १ सप्टेंबरपासून नगरप्रमुखांना तातडीच्या वेळी गोळीबाराची परवानगी देण्याचा अधिकार मिळाला. नोव्हेंबरात पोलिसांच्या रायफलधारी तुकड्या अकिता आणि इवाते प्रांतांत गेल्या. हे आवश्यक होते. पण ज्या वर्षी नऊ हजारांवर अस्वले मारली त्याच्या दोन वर्षांनी १३ माणसे मेली, ही नोंद बंदुकीवरच विसंबणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा वाचायला हवी.

होक्काइदोतील ताकिकावा शहराने २०२० मध्ये वस्तीच्या कडेला यांत्रिक लांडगे बसवले. लाल डोळे चमकतात, मान हलते, कर्कश आवाज येतात. ज्या बेटाने खरा लांडगा विष घालून संपवला तिथेच हे घडावे, हे मला फार दुःखाचे वाटते. आणि तो यंत्रलांडगा नीट पाहिला तर कळते की त्याला नेमले आहे ते माणसाच्या जागी. तिथे पूर्वी कोणीतरी गवत कापत असे, कुत्रे भुंकत असे. आता तिथे मोटार आणि भोंगा आहे.

अस्वलाला माणसाच्या अन्नाची चटक लागली की काय होते, याचा सर्वांत मोठा धडा अमेरिकेने आधीच गिरवला आहे. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान १८७२ मध्ये स्थापन झाले. तिथल्या हॉटेलांचा उष्टाखरकटा कचरा उघड्यावर टाकला जाई, अस्वले तिथे जमत, आणि ती पाहायला संध्याकाळी पर्यटकांसाठी बाके मांडली जात. रस्त्यावर मोटारींच्या खिडक्यांतून त्यांना बिस्किटे दिली जात. १९३१ ते १९६९ या काळात दरवर्षी सरासरी ४८ माणसे अस्वलांकडून जखमी होत. १९६७च्या ऑगस्टमध्ये ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात एकाच रात्री, वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या ग्रिझलींनी दोन तरुणींना मारले. दोन्ही ठिकाणच्या अस्वलांना माणसाच्या कचऱ्याची सवय झालेली होती. त्यानंतर यलोस्टोनचे उकिरडे बंद झाले. वर्षानुवर्षे तिथल्या ग्रिझलींचा अभ्यास करणारे फ्रँक आणि जॉन क्रेगहेड हे भाऊ सांगत होते की हे एका फटक्यात करू नका, हळूहळू करा. त्यांचे ऐकले गेले नाही. अन्नाच्या शोधात छावण्यांकडे वळलेली कितीतरी अस्वले मारावी लागली, आणि १९७५ मध्ये ग्रिझलीला धोक्यातील प्राणी म्हणून संरक्षण द्यावे लागले. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत कचऱ्याची कडक शिस्त पाळली गेली, अस्वलांची संख्या कित्येक पटींनी वाढली, आणि तरीही उद्यानात जखमी होणारी माणसे अगदी मोजकी राहिली. अस्वले वाढली की हल्ले वाढतातच, असे यलोस्टोनचा इतिहास तरी सांगत नाही.

कोलोरॅडोतील दुरँगो शहरात हेच गेल्या दशकात मोजून पाहिले गेले. काही वस्त्यांत अस्वलाला न उघडता येणाऱ्या कचरापेट्या दिल्या, काहींत दिल्या नाहीत. पेट्या दिलेल्या भागांत कचऱ्यावरून होणारे तंटे सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाले.

जपानलाही यासाठी अमेरिकेकडे पाहायची गरज नाही. नागानो प्रांतातील कारुइझावा हे टोकियोच्या श्रीमंतांचे थंड हवेचे ठिकाण आहे. तिथे १९९०च्या दशकात अस्वले कचरापेट्यांवर येऊ लागली. पिक्कियो या संस्थेने नगरपालिकेबरोबर काम सुरू केले. पेट्या बदलल्या, अस्वलांना रेडिओ कॉलर लावल्या, कुठे अस्वलाला राहू द्यायचे आणि कुठून हाकलायचेच याच्या हद्दी आखल्या. २००४ पासून तिथे कारेलियन जातीची कुत्री घेऊन माणसे पहाटे गस्त घालतात आणि वस्तीकडे आलेल्या अस्वलाला दिवस उजाडण्याआधी परत डोंगरात पिटाळतात. पेट्या फोडण्याचे प्रकार जवळपास थांबले. यात अद्भुत असे काही नाही. रोज उठून तेच काम करणारी, त्यासाठी पगार मिळणारी, प्रत्येक अस्वलाला वेगळे ओळखणारी माणसे आहेत, इतकेच. सातोयामात जे काम फुकट आणि नकळत होत होते, ते कारुइझावाने पैसे मोजून पुन्हा उभे केले. कारुइझावाकडे पैसा आहे. अकिताच्या खेड्यांकडे नाही. खरा राष्ट्रीय प्रश्न हा आहे, आणि तो टोकियोने सोडवायचा आहे.

मराठी वाचकाला हे दूरचे वाटू नये. ज्या आठवड्यांत अकितात जवान उतरत होते, त्याच आठवड्यांत आपल्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचे जीव गेले होते, त्यांत दोन मुले होती. लोकांनी महामार्ग अडवला, वनखात्याची गाडी पेटवली, आणि अखेर बिबट्याला गोळी घालण्यात आली. त्या आईबापांच्या संतापाला उत्तर नाही. पण जुन्नरचा जुना अनुभव आपल्याजवळ आहे. २००१ नंतर तिथले बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लावला, तेव्हा हल्ले कमी न होता काही पटींनी वाढले, हे विद्या अत्रेय यांनी अभ्यासातून दाखवले. तिथे जमीन ओस पडलेली नाही, उलट उसाने भरली आहे. बिबट्याला आडोसा हवा असतो, तो उसातही मिळतो. जपानमध्ये माणूस गेल्याने जो आडोसा तयार झाला, तो पुणे जिल्ह्यात पीक बदलल्याने झाला.

अस्वलांच्या बाबतीत आपला मुलूख विदर्भाचा. बुलढाण्यात ज्ञानगंगा अभयारण्याभोवतीच्या गावांना, मेळघाट, चंद्रपूर, गडचिरोलीत मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करणाऱ्यांना अस्वल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आपले अस्वल वाळवीवर आणि फळांवर जगणारे, पण अचानक समोर आलेल्या माणसावर ते वाघाहून लवकर तुटून पडते. शेजारच्या छत्तीसगडमध्ये उत्तर बिलासपूर भागात १९९८ ते २००० या काळात त्याने १३७ जणांवर हल्ले केले, ११ मेले. मोहफुलांच्या दिवसांत भल्या पहाटे माणूस आणि अस्वल एकाच झाडाखाली येतात. तिथे दोघांची गरज एकच असते आणि वेळही एकच. हा संघर्ष ओस गावांचा नाही, गरीब गावांचा आहे. त्याचा उपाय निराळा असणार. टोळीने जाणे, उजाडल्यावर जाणे, आणि हंगामात पहाटेची मजुरी बुडाली तरी चूल पेटेल एवढा आधार देणे.

जपानच्या ओस खेड्यांशी खरे साम्य आहे ते कोकणाचे. चाकरमान्यांची बंद घरे, पडीक मळे, परसातले कोणी न उतरवलेले फणस. वानर आणि रानडुकरांनी शेती सोडायला लावली, अशी तक्रार रत्नागिरी-सिंधुदुर्गात गावोगाव ऐकू येते, आणि ती खरी आहे. पण तिचा दुसरा भाग क्वचितच बोलला जातो. आधी माणूस गेला, मग माळ्यावरची जागल गेली, मग कुत्री गेली, आणि मग डुकरे आली. जे थोडे शेतकरी मागे उरले, त्यांच्यावर सगळ्या गावाची राखण पडली. एकट्याने शेत राखता येत नाही. म्हणून तेही सोडून देतात, आणि रान आणखी एक वाडी पुढे येते. अकितात साठ वर्षांत जे झाले, त्याचा मधला टप्पा आज आपल्या डोळ्यांसमोर आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्येच जपान सरकारने अस्वलांसाठी उपाययोजनांची घोषणा केली. निवृत्त सैनिक आणि पोलिसांनी शिकारीचे परवाने घ्यावेत, असे आवाहन त्यात आहे. ते स्वागतार्ह आहे. पण पुढच्या दहा वर्षांत खर्च कुठे होतो, यावर सगळे अवलंबून आहे. प्रत्येक डोंगरी नगरपालिकेत वन्यजीवांचे शिक्षण घेतलेला एक तरी कायम कर्मचारी हवा, जो दर दोन-तीन वर्षांनी बदलीवर जाणार नाही. ओस घरांच्या परसातील काकी आणि चेस्टनटची झाडे मालकाची वाट न पाहता उतरवण्याचा, गरज पडल्यास तोडण्याचा अधिकार नगरपालिकेला हवा. वस्तीभोवतीचे गवत आणि नदीकाठची झुडपे वर्षातून दोनदा कापायला मजुरी हवी. आणि खोल डोंगरांत, जिथे सुगीच्या रांगा कोणी तोडायलाही जात नाही, तिथे बीच आणि ओक परत यायला जागा हवी. त्याला दोन पिढ्या लागतील, म्हणून आजच सुरुवात हवी. बीचचे पुढचे रिते वर्ष काही वर्षांतच येईल. तोवर अकितात आजच्याहून कमी माणसे असतील. कोणत्या गावाभोवतीचा पट्टा राखायचा आणि कोणते गाव रानाला सोडून माणसांना सन्मानाने खाली आणायचे, हा निर्णय पुढच्या शरदाच्या आत, तिथे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्यायला हवा.